प्राणहितेवरील जलप्रवासाची आखणी

इ. स. १८६० च्या तहान्वये गोदावरीच्या डाव्या तीरावरील सिरोंचा, नूगूर, चेरला, भद्राचलम् आदी तालुके निजामाच्या अंमलातून निघून इंग्रज सरकारच्या ताब्यात आले आणि सिरोंचा हे ‘अपर गोदावरी’ नामक नव्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले, तेव्हा त्या दुर्गम व अरण्यमय मुलुखाकडे सरकारची दृष्टी वळण्यास तेथील सागवानाइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, तेथील नदी कारणीभूत झाली होती. धवळेश्वरम् येथे गोदावरीवर प्रचंड बंधारा घालून (१८४७ ते १८५२) त्रिभुज प्रदेशाचा कायापालट करणारे अभियंते सर आर्थर कॉटन यांचा असा मनसुबा होता की, वऱ्हाड-नागपूरकडील कापूस बैलगाड्यांनी मुंबईस नेण्याऐवजी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून नावांनी थेट पूर्वसमुद्राला पोहोचवावा. या मार्गात तीन ठिकाणी कठीण खडकांचे पट्टे पात्रात आडवे आलेले होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावती-संगमाच्या परिसरात इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर, आजच्या अहेरी तालुक्यातील देवलमरीला. या तिन्ही अडसरांना बगल देऊन कालवे खोदावेत व त्यांवर पाणदरवाजे बसवावेत अशी तजवीज झाली. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली दुम्मागुडेमचे काम बरेच पुढेही गेले. परंतु वर्षातील थोडेच महिने पुरेसे पाणी वाहणारी नदी, तापाच्या साथींनी हैराण झालेले मजूर, वाढत चाललेला खर्च, आणि १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत येऊन ठेपलेली आगगाडी यांच्यापुढे त्या योजनेचा निभाव लागला नाही, आणि १८७१ मध्ये ती सोडून द्यावी लागली.

एखाद्या नदीवरून राफ्टने उतरण्याची आखणी कशी करावी हे सांगू पाहणाऱ्या प्रकरणात ही जुनी हकीकत आरंभीच घेण्याचे कारण असे की, या मुलुखातील जलप्रवासाविषयी जे जे जाणून घेणे अवश्य आहे ते बहुतेक सर्व तीत आलेले आहे. नदी कोठे संथ आहे आणि कोठे खवळते, ती किती महिने खऱ्या अर्थाने वाहते, तिच्या काठी माणसाचे आरोग्य कशाने बिघडते आणि तिच्याविषयीचा अंदाज चुकला तर केवढा डोलारा कोसळतो, हे प्रश्न कॉटनसाहेबांच्या वेळी जेवढे निर्णायक होते तेवढेच आज आठ-दहा तरुणांच्या तुकडीलाही आहेत. भेद इतकाच की, मालाने लादलेल्या नावेला जो खडकाचा पट्टा अडसर होता, तोच राफ्ट घेऊन जाणाऱ्याच्या साऱ्या प्रवासाचे प्रयोजन होऊन बसतो.

मराठी वाचकाला राफ्टिंग म्हटले की सामान्यतः रायगड जिल्ह्यातील कोलाडची कुंडलिका आठवते, आणि त्यामुळेच आपल्याकडे या विषयासंबंधी एक चुकीची समजूत रूढ होऊन बसली आहे. कुंडलिकेतील ते फेसाळणारे पाणी वस्तुतः कुंडलिकेचे नव्हे. घाटमाथ्यावर मुळा नदीवर बांधलेल्या मुळशी धरणाचे पाणी बोगद्यांतून व नळांतून सह्याद्रीखाली उतरविले जाते, भिरा येथील १९२७ साली सुरू झालेल्या वीजगृहातील चक्रे फिरवून ते कुंडलिकेत सोडले जाते, आणि त्या सोडलेल्या पाण्यावर सकाळी राफ्ट उतरतात. जे पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेने पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जावयाचे, ते पश्चिमेला अरबी समुद्राकडे वळलेले आहे. याच धरणासाठी घरे-शेते गमावणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांच्या बाजूने सेनापती बापट उभे राहिले होते, आणि त्या पाण्यावर आनंद लुटणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये असे मला मनापासून वाटते. आखणीच्या दृष्टीने पाहता कुंडलिकेवरचा प्रवास घड्याळावर बेतता येतो, कारण वीजगृहातून पाणी सुटण्याची वेळ ठरलेली असते. प्राणहितेचे तसे नाही. तिचे पाणी ठरविणारे कोणतेही एक दफ्तर नाही. सातपुड्यातील पाऊस, विदर्भातील पाऊस, धरणांच्या दारांवरचे हुकूम आणि जमिनीत मुरलेली ओल या सर्वांचा मिळून जो हिशेब होतो तोच तिचे त्या दिवशीचे रूप ठरवितो.

म्हणून प्रथम नदीची ओळख करून घेऊ. मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतून दक्षिणेकडे येते. मुलताईकडून निघालेली वर्धा पश्चिमेकडून येते. आणि चपराळ्याच्या अरण्याजवळ या दोघींचा संगम होऊन पुढे ती प्राणहिता या नावाने सिरोंचापर्यंत सुमारे ११३ किलोमीटर वाहते व कालेश्वरसमोर गोदावरीला मिळते. लांबीने ही नदी लहान. पण पैनगंगा, वर्धा आणि वैनगंगा या तिन्हींचे पाणी तिच्यात एकवटत असल्यामुळे गोदावरीच्या संपूर्ण खोऱ्यापैकी सुमारे एक-तृतीयांश क्षेत्राचा निचरा ती एकटी करते. पात्र विस्तीर्ण, काठी रेतीचे अफाट पट्टे, आणि उतार इतका मंद की दर किलोमीटरला सरासरी अर्धा मीटरही तळ खाली जात नाही. केवळ या सरासरीवरून निर्णय घेणारा मनुष्य म्हणेल की, येथे राफ्टिंगसारखे काही संभवतच नाही. परंतु नदीचा उतार सारखा वाटलेला नसतो. वाळूखडकाच्या मऊ प्रदेशातून ती मैलोगणती आळसावल्यासारखी जाते आणि जेथे जुन्या कठीण पाषाणाची धार पात्रात आडवी येते तेथे साचून राहिलेला उतार एकदम फेडते. भूगोलाच्या पुस्तकांतून ज्याला द्रुतवाह म्हणतात आणि राफ्टवाले ज्याला नुसते रॅपिड म्हणतात, तो अशाच जागी निर्माण होतो. देवलमरीचा खडकाळ पट्टा हे याचे आपल्या हद्दीतील ठळक उदाहरण होय.

येथे एक स्पष्टोक्ती करणे माझे कर्तव्य आहे. हिमालयातील गंगा, बियास किंवा तीस्ता यांच्या प्रपाती वेगाची अपेक्षा धरून कोणी प्राणहितेकडे जाणार असेल तर त्याने जाऊ नये. जगभर रॅपिडच्या काठिण्याच्या सहा श्रेणी मानल्या जातात. पहिलीत पाणी केवळ हलते, सहावीत उतरणे जवळजवळ प्राण पणाला लावण्यासारखे असते. प्राणहितेवरील प्रवास हा मुख्यतः संथ पाण्यातील दीर्घ वल्हवणीचा, अरण्यदर्शनाचा व मुक्कामांचा प्रवास आहे, आणि खळाळ हा त्यातील अल्प परंतु उत्कट भाग आहे. ज्याला या दीर्घतेचा कंटाळा येणार नाही अशाच सोबत्यांची निवड करावी.

काळाची निवड हा आखणीचा प्राण आहे. आषाढ-श्रावणात या नद्यांवर जाण्याचा विचारही मनात आणू नये. इकडे वार्षिक पर्जन्यमान विपुल आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणारे. भामरागडला पर्लकोटा नदी चढली की पूल पाण्याखाली जाऊन सारा तालुका जगापासून तुटतो, हे गडचिरोलीकरांच्या नित्य अनुभवाचे आहे. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दारे आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या संजय सरोवराचे व गोसीखुर्दचे पाणी एकदम खाली आले तेव्हा भंडाऱ्यापासून वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत वैनगंगाकाठची गावे जलमय झाली, आणि त्या वेळी कित्येक ठिकाणी आभाळ मोकळे होते. डोक्यावर ऊन असताना नदी चढू शकते, ही गोष्ट येथे प्रवास करणाऱ्याने मनावर कोरून ठेवावी. कोजागिरीनंतर पाऊस पूर्ण उघडतो, गढूळपणा निवळतो, पाणी खडकांवरून खेळण्याइतके असते आणि बुडविण्याइतके उरत नाही. तेव्हापासून मार्गशीर्षापर्यंतचा काळ हाच या प्रदेशातील योग्य हंगाम. माघानंतर पात्रातील रेती उघडी पडू लागते आणि राफ्ट वल्हवण्यापेक्षा ओढण्यातच दिवस जातो.

हंगाम ठरला तरी दिवस ठरत नाही. केंद्रीय जल आयोगाची वैनगंगेवर आष्टी येथे, प्राणहितेवर टेकरा येथे आणि इंद्रावतीवर पाथागुडेम येथे जलमापन केंद्रे आहेत. निघण्यापूर्वी निदान पंधरवडाभर तेथील पातळीचे आकडे रोज टिपून ठेवावेत. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. पाणी स्थिर आहे, ओसरते आहे की चढते आहे, हे त्या आकड्यांच्या ओळीतून उमगते, आणि चढत्या पाण्यावर राफ्ट न घालणे हा नियम निरपवाद पाळावा. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच काल गुडघाभर पाण्यात उभा राहू शकलेला माणूस आज त्याच जागी, तेवढ्याच खोलीत, पाय रोवू शकत नाही.

पात्र वाचण्याची विद्या पुस्तकातून पुरती येत नाही. तथापि तिची बाराखडी सांगता येण्यासारखी आहे. वरून पाहता पाण्यावर जर उलटा निमुळता आकार दिसला, म्हणजे त्याचे टोक प्रवाहाच्या दिशेने खाली गेलेले असले, तर दोन खडकांमधून खोल वाट आहे असे समजावे. टोक वरच्या बाजूला, प्रवाहाच्या विरुद्ध असले तर तेथे पाण्याखाली खडक दडलेला असतो. मोठ्या खडकाच्या पाठीमागे पाणी मंद होऊन उलट फिरते. कुशल वल्हेकरी तेथे राफ्ट वळवून श्वास घेतो आणि पुढील वाट न्याहाळतो. याउलट पाणी एखाद्या सलग उंबऱ्यावरून सबंध रुंदीभर सारखे पडत असेल, तर पायथ्याशी ते स्वतःभोवती गरगरत राहते आणि त्यात सापडलेल्या वस्तूला बाहेर सोडत नाही. असा उंबरा निसर्गात क्वचित आणि माणसाच्या हातून वारंवार घडतो. त्याचेच नाव बंधारा. दिसायला अगदी निरुपद्रवी, आवाजही फारसा नाही, आणि तरी जगातील नद्यांवर खवळलेल्या रॅपिडइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धाक याचाच धरावा लागतो. चामोर्शीजवळ वैनगंगेवर चिचडोहचे बॅरेज आहे, आणि सिरोंचाच्या खाली गोदावरीवर २०१९ मध्ये सुरू झालेले, ८५ दारांचे मेडीगड्डा बॅरेज आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचल्यापासून तेथे पाणी साठविणे थांबवावे लागले, पण राफ्टला त्याच्या दारांतून जाण्याची मुभा मिळाली असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. प्राणहितेवरील प्रवासाची अखेर सिरोंचाच्या घाटावर झालीच पाहिजे, आणि राफ्ट बाहेर काढण्याची ही जागा नकाशावर, तसेच प्रत्येक सोबत्याच्या डोक्यात, निघण्यापूर्वीच पक्की असली पाहिजे.

परवानगीचा भाग कंटाळवाणा खरा, पण या सरहद्दीच्या नदीवर तो टाळता येत नाही. डावा तीर महाराष्ट्राचा, उजवा तेलंगणाचा. डावीकडे संगमाशी चपराळा अभयारण्य, उजवीकडे प्राणहिता अभयारण्य. म्हणजे कोणत्या काठाला मुक्काम पडतो यावर कोणत्या वनखात्याचा अर्ज लागतो हे ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात लेखी परवान्यावाचून प्रवेश नाही, आणि व्यावसायिक रीतीने सहल नेणाऱ्यांना महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. याखेरीज तहसील कचेरीला व वाटेतील प्रत्येक पोलीस ठाण्याला प्रवासाचा तपशील, माणसांची यादी आणि मुक्कामांच्या तारखा आगाऊ कळविणे हे केवळ नियमासाठी नव्हे तर स्वतःच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. गडचिरोली जिल्ह्याने सशस्त्र संघर्षाची कित्येक दशके सोसली आहेत आणि अनोळखी माणसांची टोळी खबर न देता नदीकाठी उतरली तर गावकरी व शिपाई दोघेही साशंक होणे स्वाभाविक आहे. राहिली इंद्रावती. भामरागडला पर्लकोटा व पामुलगौतम या नद्यांना घेऊन पुढे निघणारी ती नदी वनश्रीच्या दृष्टीने प्राणहितेहूनही मोहक. परंतु तिच्या पलीकडच्या, छत्तीसगडच्या तीरावर इंद्रावती व्याघ्रप्रकल्प पसरलेला, वाहनाचे रस्ते विरळ आणि मदत दूर. हौशी तुकडीने तिच्यावर उतरण्याची वेळ अद्याप आलेली नाही असे माझे मत आहे. इंद्रावती येथे आज मोकळी वाहते आहे याचे श्रेय मात्र या अरण्यातील माणसांना आहे. इंचमपल्ली व भोपालपट्टणम् येथील नियोजित धरणांनी येथील गावे व जंगल बुडणार असे दिसताच १९८४ च्या सुमारास बाबा आमटे आणि लालश्याम शहा यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले आणि ती धरणे मागे पडली.

नदीची खरी माहिती या माणसांपाशीच असते. या मुलुखात ढिवर समाजाची गावे नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. मासेमारी आणि डोंग्याने माणसे पैलतीरी पोहोचविणे हा त्यांचा व्यवसाय. कोणत्या डोहात मगरी असतात, कोणत्या खडकाखाली पाणी ओढते, यंदाच्या पुराने रेतीची दांडी कोठून कोठे सरकविली, हे नकाशाला ठाऊक नसते, ढिवराला असते. अशा एका जाणत्या माणसाला योग्य मेहनताना देऊन बरोबर घेणे हा खर्च पहिला मांडावा व शेवटपर्यंत त्यात काटछाट करू नये. अहेरीच्या खाली जसजसे सिरोंचा जवळ येते तसतशी काठावरची बोली तेलुगू होत जाते, आणि आतील भागात गोंडी व माडिया; मराठीवर सर्वत्र निभाव लागेल असे धरून चालू नये. तथापि डोंगेवाल्याच्या अनुभवावर विसंबून जीवरक्षक जाकीट मात्र दूर ठेवू नये. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडण्याच्या कामासाठी पैलतीरी निघालेल्या महिलांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि त्यांतील अनेक जणी बुडून मृत्यू पावल्या. तेव्हा पूर नव्हता, पाऊस नव्हता. त्यांच्यापाशी जाकिटे नव्हती. सहलीला आलेल्या शहरी माणसाच्या अंगावर जे जाकीट असते ते रोजीसाठी नदी ओलांडणाऱ्या मजूर बाईच्या अंगावर का नसावे, हा प्रश्न राफ्टच्या सामानाची यादी करताना तरी आपणांस टोचला पाहिजे. मी तर असे सुचवीन की, प्रत्येक तुकडीने चार जाकिटे अधिक न्यावीत आणि परतताना ती शेवटच्या घाटावरील डोंगेवाल्याच्या स्वाधीन करावीत.

सामानाविषयी फार लिहावे असे नाही. चौदा ते सोळा फुटी, हवेचे कप्पे स्वतंत्र असलेली राफ्ट, निदान दोन, म्हणजे एक अडली तर दुसरी धावून जाईल, सर्वांना शिरस्त्राण, फेकण्याची दोरी, जादा वल्ही, हवेचा पंप व ठिगळांचे साहित्य. अधिक महत्त्व वाटपाला आहे. गोदावरीवर हेगसाहेबांचे काम चालू होते त्याच दशकात, १८६९ साली, अमेरिकेत जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताने अधू झालेला भूगर्भवेत्ता चार नावा आणि नऊ सोबती घेऊन कोलोराडो नदीच्या अज्ञात घळईत शिरला. एखादी नाव गेली तरी बाकीच्यांचे चालावे म्हणून त्याने अन्न व उपकरणे नावांत विभागून ठेवली होती. परंतु मध्यंतरी वायुभारमापके सगळी एकाच नावेत गेली, आणि नेमकी तीच नाव खडकावर आपटून फुटली. दुसऱ्या दिवशी त्या भग्न अवशेषापर्यंत पोहोचून ती उपकरणे परत मिळाली हा दैवयोग. औषधे एका राफ्टमध्ये आणि अन्न दुसरीत, असे सोयीचे वाटप कधीही करू नये. प्रत्येक राफ्ट दोन दिवस स्वतंत्रपणे तग धरील इतके सर्व काही प्रत्येकीत असावे.

आरोग्याच्या बाबतीत कॉटनच्या मजुरांना ज्याने हैराण केले तो ताप अद्याप गेलेला नाही. हिवतापाच्या बाबतीत गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वांत बाधित जिल्हा समजला जातो. मच्छरदाणी ही चैनीची वस्तू नव्हे, आणि परतल्यावर कित्येक दिवसांनी ताप आला तरी डॉक्टरांना या प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी. सर्पदंशावरचे प्रतिविष वाटेतील कोणत्या रुग्णालयात आहे याची चौकशी आधी करावी. १९७३ पासून हेमलकसा येथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभारलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्याने या अरण्यात असंख्य प्राण वाचविले आहेत. परंतु तो भामरागडच्या बाजूला आहे, प्राणहितेच्या काठी नव्हे, आणि नकाशावर जवळ दिसणारी जागा येथील रस्त्यांनी अर्ध्या दिवसाची असू शकते.

ज्याने आजवर वल्हे हातात धरलेले नाही त्याने प्रथम कुंडलिकेवर, किंवा पावसाळ्यात गोव्यात सत्तरीतल्या म्हादईवर, अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकावे. पाण्यात पडल्यावर उताणे होऊन पाय खालच्या दिशेला ठेवावेत, आणि वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा मोह टाळावा म्हणजे पाऊल खडकाच्या फटीत अडकत नाही, एवढे तरी अंगवळणी पडू द्यावे. मग प्राणहितेचा विचार. आणि तोही थेट राफ्ट घेऊन नव्हे. वैशाखात, जेव्हा पाणी तळाला गेलेले असते आणि पुरात दडणारा एकूण एक खडक उन्हात उघडा पडलेला असतो, तेव्हा देवलमरीच्या पात्रात एका ढिवरासह पायी हिंडावे, खडकांची चित्रे काढावीत, वाटा मोजाव्यात, राफ्ट खांद्यावर घेऊन काठाने वळसा घालावा लागला तर कोठून घालता येईल ते पाहून ठेवावे. आणि कार्तिकात पाणी त्या टिपणांशी जुळले नाही तर राफ्ट गाडीतून उतरवूच नये.